साबण झिजलेला दिसला पाहिजे

मित्रांनो, मी एक जुना संडास आहे.

हसलात ना? हसा, पोटभर हसून घ्या. तुम्हाला जुन्या छत्रीची कहाणी सांगतात, मोडक्या खुर्चीची सांगतात, फार तर एखाद्या थकलेल्या घोड्याची सांगतात. संडासाला कोण विचारतो? माझं नाव काढलं तरी मोठी माणसं डोळे वटारतात आणि म्हणतात, "जेवताना काय हे!" पण जेवणाचा आणि माझा संबंध तुम्हाला वाटतो त्यापेक्षा फार जवळचा आहे. तेच सांगायला बसलोय. नाकाला रुमाल लावायची गरज नाही. माझा आता कसलाही वास येत नाही, आणि तेच माझं दुःख आहे.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. एका साच्यातून पाण्याच्या टाक्या निघायच्या, दुसऱ्यातून खुर्च्या, आणि कोपऱ्यातल्या मोठ्या साच्यातून आम्ही. रंग निळा. छत पांढरं, म्हणजे दिवा नसला तरी आत उजेड यावा. खाली टाकी, कोपऱ्यात हात धुवायला छोटं भांडं, शेजारी साबण ठेवायची खाच, आणि आतून लावायला एक भक्कम कडी. साच्यातून काढल्यावर एका कामगाराने माझ्या पाठीवर थाप मारली. "हा बघ कसा ठणठणीत निघालाय," तो म्हणाला. मला फार भारी वाटलं. आपण आता कोणाच्या उपयोगी पडणार, याची वाट बघत मी अंगणात उभा राहिलो.

पहिलं काम मिळालं ते रस्त्यावर. नवा रस्ता बांधत होते आणि काम जसं पुढे सरकेल तसा मीही टेम्पोत बसून पुढे सरकत होतो. खडी वाहणाऱ्या बाया, रोलरवाला, डांबराने काळेकुट्ट झालेले गडी, सगळे माझ्याकडे यायचे. सकाळी तर रांग लागायची आणि रांगेत भांडणं. "अहो आतले, झोप लागली की काय?" असं कोणीतरी ओरडायचं आणि सगळी रांग खदखदून हसायची. काहीजणी नुसतं दार लावून दोन घटका रडायलाही यायच्या. त्या अख्ख्या रस्त्यावर आतून कडी लागणारं दार एकच होतं, ते माझं.

दुपारी साफसफाईच्या मावशी यायच्या. हातात बादली आणि खराटा. आधी मला शिव्या द्यायच्या आणि मग घासायला घ्यायच्या. "मेल्या, काय अवतार करून ठेवलायस! लाज आहे का काही?" अशी त्यांची सुरुवात. घासून, धुऊन, फिनेल टाकून झालं की ओल्या हाताने दारावर चापट मारायच्या आणि म्हणायच्या, "जा आता, कर परत घाण." मित्रांनो, मला त्या वेळी वास यायचा, डाग पडायचे, माशा घोंघावायच्या. पण मी इतका खूश नंतर कधीच नव्हतो.

मग रस्ता झाला. ज्यांनी बांधला त्यांनी गाशा गुंडाळला आणि मला भंगाराच्या आवारात टाकलं. तिथे ऊन खात पडलो असताना एक गृहस्थ आले. ते एका शेताचे मालक. मला चारी बाजूंनी न्याहाळून म्हणाले, "रंग मारला की नवा दिसेल. दिसण्यापुरताच हवाय." मी आनंदाने एवढा फुललो होतो की शेवटच्या वाक्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

मालकांच्या शेतात फरसबी व्हायची. शेताच्या मध्यावर पत्र्याची लांबलचक शेड. तिच्यात स्टीलची टेबलं आणि टेबलांच्या दोन्ही बाजूंना उभ्या बायका. शेंग उचलायची, वाकडी असेल तर बाजूला टाकायची, सरळ असेल तर दोन्ही टोकं कापायची आणि पाकिटात भरायची. दिवसभर हेच. भरलेली पाकिटं थंड खोलीत जायची आणि तिथून शहरातल्या मोठमोठ्या दुकानांत. दुकानवाल्यांची एक अट होती. पाकिटावर हिरवा शिक्का पाहिजे. शिक्क्यावर एक पान आणि एकमेकांत गुंफलेले दोन हात, आणि खाली लिहिलेलं, 'माणसांची आणि मातीची काळजी घेऊन पिकवलेलं.'

शिक्का हवा तर नियम पाळायचे. औषधाचे रिकामे डबे ओढ्यात टाकायचे नाहीत. फवारणी करणाऱ्याला हातमोजे आणि मास्क द्यायचा. बाईला दिवस गेले असतील तर तिला बसून करायचं काम द्यायचं. आणि शेडजवळ बायकांसाठी संडास, पाणी आणि साबण ठेवायचा. नियम खरंच चांगले होते हो. ज्याने कोणी ते लिहिले त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या नियमांमुळेच तर मी भंगारातून बाहेर आलो.

मला शेडच्या कोपऱ्याशी उभं केलं आणि हिरवा रंग दिला. बायका काम सोडून बघायला आल्या. एकीने कडी लावून पाहिली, एकीने भांड्यातलं पाणी तोंडावर मारलं. मालकांनी माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. आणि फोटो काढून झाल्यावर मुकादमाने मला बाहेरून कुलूप लावलं.

मुकादम म्हणजे बायकांच्या कामावर देखरेख करणारा माणूस. तोही आधी शेंगा वाहायचाच. दुष्ट नव्हता तो, घाबरट होता. किल्ली कमरेला दोरीने बांधून हिंडायचा. बायका म्हणाल्या, "मुकादम, कुलूप कशाला?"

"वापरलं की घाण होणार," तो म्हणाला. "घाण झालं की तपासणीत नापास. नापास झालो की तुम्ही घरी आणि मीपण घरी. कुलूप आहे तोवर चकाचक आहे."

"मग किल्ली तरी एवढी जपू नका. आत काय तिजोरी आहे?" एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या आणि हसत हसत फरसबीच्या ओळींमधून ओढ्याकडे निघून गेल्या.

कारण दुसरी जागाच नव्हती. शेत संपलं की उतार, उताराखाली झुडपं, झुडपांपलीकडे ओढा. त्या झुडपांत औषधाचे रिकामे डबेही पडलेले असायचे, तपासणीच्या आधी तेवढे गोळा करून डब्यांसाठी केलेल्या जाळीच्या खोलीत ठेवायचे. आणि त्याच ओढ्यात शेतावरचा पंप बसवलेला होता. त्याच पाण्याने शेंगा धुवायचे. आता कळलं ना, जेवणाचा आणि माझा संबंध काय तो?

शेडमध्ये दोघी जावा कामाला होत्या. त्यांचे नवरे, सख्खे भाऊ, कामाच्या शोधात लांब गेलेले. घर या दोघींच्याच जिवावर चालायचं. थोरली कमी बोलायची, पण बोलली की सगळ्या ऐकायच्या. धाकटीला सगळ्या चिमणी म्हणायच्या, कारण ती पाणी पितच नसे. बाटलीचं झाकण उघडायचं, ओठ ओले करायचे आणि झाकण लावायचं. तशा सगळ्याच बायका पाणी बेताने प्यायच्या, प्यायलं की ओढ्यावर जावं लागतं ना. पण चिमणीने त्याची कमाल केली होती. तोंडाची मात्र टकळी चालू. वाकडी शेंग हातात आली की म्हणायची, "ही बघा, मुकादमासारखी वळली," आणि टेबलावर हशा पिकायचा.

मग चिमणीला दिवस गेले. पोट दिसायला लागलं तसा तिला उतार उतरवेना. एकदा पाय घसरून ती झुडपात पडली, तेव्हापासून तर ओढ्याकडे जायचंच तिने सोडलं. सकाळी घरून निघताना जाऊन यायचं ते एकदम संध्याकाळी घरी पोचल्यावर. दुपारच्या सुट्टीत दोघी जावा माझ्या सावलीत बसून डबा खायच्या. शेडमध्ये पत्रा तापायचा, आणि माझी सावली वापरायला कुलूप नव्हतं.

"ताई, जळजळ काही थांबत नाही गं," एक दिवस चिमणी म्हणाली. "कंबरही भरून येते."

"दवाखान्यात काय म्हणाल्या?"

"डॉक्टरीण म्हणाली भरपूर पाणी प्या आणि अजिबात रोखून धरू नका. मला हसूच आलं. तिला वाटलं मी वेडी आहे."

"हसण्यावारी नेऊ नकोस," थोरली म्हणाली. "पोटात बाळ आहे तुझ्या."

"मग काय करू? ह्याच्या मांडीवर बसू?" असं म्हणून चिमणीने माझ्या भिंतीवर पाठ टेकली. तिच्या पाठीचा ताप मला प्लास्टिकमधून जाणवला. आत पांढऱ्या उजेडात माझं भांडं कोरडं पडलं होतं, नवीन साबण होता, कडी होती. मध्ये फक्त माझीच भिंत होती. मित्रांनो, स्वतःचाच एवढा राग मला कधी आला नव्हता.

त्याच सुमारास मी आल्यानंतरची पहिली तपासणी झाली. तपासायला आली ती एक बाई. साधी, उन्हाने रापलेली, कामात चोख. मालकांनी तिच्यासाठी खुर्ची, पंखा, फळं मांडून ठेवली होती, तिकडे तिने बघितलंही नाही. ती थेट माझ्याकडे आली. मुकादमाने सकाळीच कुलूप काढून खिशात टाकलं होतं. तपासनीस बाई आत शिरल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि खाचेतला साबण उचलला. त्यावर अंगठा फिरवला.

"यावरची अक्षरं अजून तशीच आहेत," त्या म्हणाल्या. "हा साबण कोणाच्या हाताला लागलेलाच नाही."

"कालच नवा ठेवलाय, बाई," मुकादम म्हणाला.

"आणि कागदाच्या गुंडाळीचं वेष्टणही फोडलेलं नाही. तीही कालचीच?"

मुकादमाची बोबडी वळली. बाई बाहेर आल्या आणि मालकांना म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला हा वापरात दिसला पाहिजे. नाहीतर मला शिक्का काढून घ्यायला सांगावं लागेल."

मी काय सांगू तुम्हाला! माझ्या जिवात जीव आला. वाटलं, चला, कोणीतरी पाहिलं. आता कुलूप निघणार. रांग लागणार. कोणीतरी बाहेरून ओरडणार, "अहो आतल्या, झोप लागली की काय?" आणि चिमणी दिवसभर पोटभर पाणी पिणार. शेडमध्ये बायकाही कुजबुजत होत्या. चिमणीने तर लांबूनच मला हात केला.

बाईंची गाडी गेल्यावर मालक आणि मुकादम माझ्यापाशी येऊन उभे राहिले. मालक घाम पुसत होते. "नशीब म्हणून वाचलो," ते म्हणाले. "पुढच्या वेळी साबण झिजलेला दिसला पाहिजे. बाकी मला काही माहीत नाही."

"झिजलेला दिसेल, मालक," मुकादम म्हणाला आणि त्याने कुलूप लावलं.

खरं सांगतो, मालकांच्या मनात नेमकं काय होतं ते मला आजही माहीत नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल की मुकादम आता बायकांना किल्ली देईल. पण त्यांनी विचारलं नाही आणि मुकादमानेही विचारलं नाही. त्याला सांगितलं होतं साबणाचं, त्याने साबणाचंच धरलं.

दुसऱ्या तपासणीची तारीख कळली. आदल्या दिवशी मुकादमाने चिमणीला टेबलावरून बोलावलं. "तुला बसून काम द्यायचंय ना, चल देतो," म्हणाला. तिच्या हातात एक बादली दिली, एक कोरा साबण दिला आणि माझं कुलूप उघडलं. "हा घासून घासून झिजव. रोजच्या हाताने झिजल्यासारखा दिसला पाहिजे. कागदाची गुंडाळी अर्धी कर. जमिनीवर जरा चपला घास. पण वापरायचं नाही."

चिमणी आधी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग खो खो हसली. मग पोटावर हात धरून उंबऱ्याशी बसली आणि कामाला लागली. मुकादम समोर एक क्रेट उलटा टाकून पहारा देत बसला. ती साबण फेसाळायची, चोळायची, धुवायची, परत चोळायची. अक्षरं गेली. मग तिने अंगठ्याने मधोमध एक खळगा पाडला, माणूस रोज एकाच जागी साबण धरतो तेव्हा पडतो तसा. कडीवर दगड घासून तिने रंग उडवला. बिचारी अगदी मन लावून करत होती. आणि पाण्यात हात घालून इतका वेळ बसल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच.

"मुकादम," ती म्हणाली, "आता आतच आहे तर जरा दार लावून घेऊ का? दोन मिनिटं."

"नको गं बाई. टाकीत पडलं की वास येईल. उद्या तपासणी आहे."

"वास आला तर बरंच की! वापरात आहे असं वाटेल त्यांना."

मुकादम विचारात पडला. खरंच पडला. मी श्वास रोखून बघत होतो. मग त्याने मान हलवली. "मालक म्हणाले साबण झिजलेला दिसला पाहिजे. वास आला पाहिजे असं नाही म्हणाले."

 चिमणीने ओठ दाताखाली धरले आणि ती दाराच्या चौकटीला धरून उठली. तिचा चेहरा बघून मुकादमही चपापला असावा. "हे बघ," तो हलक्या आवाजात म्हणाला, "उद्या पास होऊ दे. मग तुझ्यापुरतं रोज दुपारी उघडीन मी. आईशप्पथ. आणि उद्या तू येऊ नकोस. तुझं पोट बघितलं की बाई शंभर प्रश्न विचारतील, बसायला काय देता, किती वेळ उभी असते."

संध्याकाळी चिमणीने हे सगळं जावेला सांगितलं, माझ्याच शेजारी उभं राहून. "पास झालो की उघडणार म्हणालाय, ताई. शपथ घेतलीय." थोरलीने नुसतं "बरं" म्हटलं आणि तिच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

तपासणीचा दिवस म्हणजे नुसतं नाटक. मुकादमाने बायकांना सांगून ठेवलं होतं, थोड्या थोड्या वेळाने एकीने माझ्याकडे यायचं, दार लावायचं, शंभर मोजायचे आणि पाणी सोडून बाहेर पडायचं. बायका आत येऊन गालातल्या गालात हसत आकडे मोजत उभ्या राहायच्या. एक बाई मोजणं सोडून खरंच बसली, आणि बाहेर पडताना तिच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते मी अजून विसरलो नाही.

तपासनीस बाई दुपारी माझ्याकडे आल्या, सोबत थोरलीला घेऊन. दारातून त्यांनी मुकादमाला म्हटलं, "मला जरा गार पाणी आणून देता का?" तो पळत गेला. तो लांब गेल्यावर त्यांनी आवाज खाली केला.

"आता कोणी नाही इथे. तुमचं नाव मी कुठे सांगणार नाही. खरं सांगा, हा रोज उघडा असतो?"

 थोरलीने उलट विचारलं, "नसला तर काय होतं, बाई?"

"शिक्का जातो."

"आणि मग?"

"मग दुकानवाले माल घेत नाहीत."

"आणि आम्ही?"

बाईंनी मुकादम येतोय का ते पाहिलं. थोरली पुढे म्हणाली, "ओढ्यापलीकडच्या शेतावर पण तुम्हीच गेला होतात ना? तिथल्या एकीने खरं सांगितलं होतं. मास्क देत नाहीत म्हणून."

"हो," बाई म्हणाल्या. "मीच गेले होते."

"ती शेड बंद पडली. तिथल्या बायका रोज सकाळी आमच्या फाटकाशी येऊन उभ्या राहतात. काम आहे का विचारतात."

"ते माझ्या हातात नसतं हो," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच पडला होता. "माझ्या हातात फक्त खरं-खोटं बघणं आहे."

मी मनातल्या मनात ओरडत होतो. सांग, थोरले, सांग! मग वाटायचं, नको सांगू, चिमणीचं बाळंतपण तोंडावर आलंय, घरात दुसरं कोण कमावतंय? एकदा हे, एकदा ते. काय सांगावं तेच मला कळत नव्हतं. मुकादम पाण्याचा पेला घेऊन येताना दिसला. थोरलीने खाचेतला साबण उचलला आणि बाईंच्या हातावर ठेवला.

"रोज वापरतो, बाई. बघा ना, किती झिजलाय."

बाईंनी अंगठा त्या खळग्यात ठेवला. बरोबर बसला. त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि त्या हसल्या. "छान," त्या म्हणाल्या, "हे बघून मला खरंच बरं वाटलं." थोरली त्यांच्या अंगठ्याकडे बघत होती. चिमणीचा अंगठा जिथे होता तिथेच त्यांचा होता.

शेत पास झालं. मालकांनी सगळ्यांना पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी जावा माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. चिमणीने बाटली अर्धी रिकामी केली होती, शपथेच्या भरवशावर. थोरलीने मुकादमाला हाक मारली. "उघडा. शब्द दिला होतात."

मुकादम आला, पण किल्लीला हात लावेना. "कसं उघडू, वहिनी?" तो म्हणाला. "बाई जाताना सांगून गेल्या. तुमचं काम चांगलं दिसतंय, यापुढे तारीख कळवणार नाही, कधीही अचानक येऊ. मालक म्हणाले, म्हणजे आता रोजच तपासणी. एक डाग दिसता कामा नये."

"तुमची शपथ कुठे गेली?"

"माझी नोकरी जाईल हो," मुकादम म्हणाला, आणि तो खरंच रडवेला झाला होता. "तुम्हीच सांगा, मी काय करू?"

थोरलीने चिमणीचा हात धरला आणि तिला उतारावरून ओढ्याकडे नेलं. एक एक पाऊल टाकत दोघी खाली उतरत होत्या. मी बघत होतो. मला दुसरं काय येतं?

त्यानंतर चिमणी बोलायची कमी झाली. टेबलावरचा हशा बंद झाला. आणि एक दिवस भर दुपारी शेडमध्ये आरडाओरडा झाला. चिमणीला थंडी भरून आली होती, दात वाजत होते, आणि ती शेंगांच्या ढिगाशेजारी खाली कोसळली. बायकांनी तिला उचलून पाकिटांच्या टेम्पोत घातलं. टेम्पो माझ्या समोरूनच गेला. थोरली तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि सारखी म्हणत होती, "झालंच हं, पोचलोच हं, डोळे उघड."

पुढचं मला बायकांच्या बोलण्यातून कळलं. रोखून रोखून आतला आजार मूत्रपिंडापर्यंत गेला होता. बाळ गेलं. चिमणी वाचली, पण उभं राहून काम करणं तिला आता जमणार नव्हतं. ती शेडमध्ये परत आली नाही. तिच्या जागी ओढ्यापलीकडची एक बाई लागली, आणि ती आल्या दिवसापासून पाणी बेताने प्यायला शिकली.

थोरली मात्र परत आली. न येऊन सांगते कोणाला? ती माझ्या सावलीत बसेनाशी झाली. उन्हातच डबा खायची, माझ्याकडे पाठ करून. मला त्याचं वाईट वाटलं, पण तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

चिमणीने झिजवलेला साबण आतल्या उकाड्यात वाळला, त्याला चिरा पडल्या. अचानक तपासणी आली तर तो जुनाट दिसणार. म्हणून मुकादमाने नवा साबण काढला, बादली भरली आणि थोरलीला बोलावलं. "तुमच्या जावेला छान जमलं होतं," तो नजर चुकवत म्हणाला. "आता तुम्हीच करा."

थोरली उंबऱ्याशी बसली, चिमणी बसली होती तिथेच. घासू लागली. अक्षरं गेली, पण ती थांबली नाही. खळगा पडला, तरी थांबली नाही. फेस तिच्या कोपरापर्यंत आला, बादलीतून उतू जाऊन माझ्या जमिनीवर पसरला. ती दात आवळून घासतच होती. साबण एवढासा झाला, मग पातळ चकती झाला, मग बोटांत मोडला आणि विरघळून गेला. तिच्या हातात काही उरलं नाही, तरी हात एकमेकांवर चोळत होती.

मुकादम सगळं बघत उभा होता. तो रागावला नाही. त्याने खोक्यातून दुसरा साबण काढून तिच्या हातात दिला. आणि मित्रांनो, थोरलीने तो नीट झिजवला. बेताने. मधोमध खळगा पाडून.

अशा कहाणीच्या शेवटी वस्तू तुमच्याकडे काहीतरी मागते. छत्री म्हणते मला वाळवून ठेवा, पुस्तक म्हणतं पानं दुमडू नका. सगळ्यांना कोणीतरी जपायला हवं असतं. मला नको. मला फार जपलंय. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कोणी मालक होईल, कोणी तपासायला जाईल, कोणी नुसतं दुकानात पाकीट उचलून शिक्का बघेल. तुम्हाला सांगणार होतो की साबण बघू नका, दाराबाहेरचं कुलूप बघा. पण मग ते कुलूप लपवतील. बायकांना विचारा म्हणावं, तर थोरलीला विचारलंच होतं. काय बघा म्हणून सांगू, मलाच कळेनासं झालंय. मला एवढंच माहीत आहे की वस्तूची काळजी घेणं म्हणजे ती वापरू देणं. मला उघडा. मला घाण करा. मग घासा आणि परत घाण करा.

अजूनही दुपारी कुठे बादली आपटल्याचा आवाज झाला की मला वाटतं, रस्त्यावरच्या मावशी आल्या. खराटा घेऊन येतील, दार ढकलतील, आत वाकून बघतील. आणि त्यांना शिवी द्यायलाही काही सापडणार नाही.